‘गाडी स्लिप झाली’

दोन वर्षांपूर्वी, कापूस वेचणीच्या दिवसांत, माझ्या मावसभावाला पारोळा आणि एरंडोलच्या मधे अपघात झाला. तो पार्सलं पोचवायचा. पार्सलं एका मोठ्या कंपनीची, पण कामावर ठेवणारा स्थानिक ठेकेदार. पार्सलमागे ठरलेले पैसे, मोटरसायकल स्वतःची, पेट्रोलही स्वतःचं. संध्याकाळी सातच्या सुमाराला कापसाने भरलेली ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर शेतरस्त्यावरून एकदम हायवेवर आला. ट्रॉलीला मागे ना लाल दिवा, ना रेडियम. भावाच्या उजव्या पायाची नडगी मोडली आणि हाड कातडी फाडून बाहेर आलं.

दवाखान्यात कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी विचारलं, "कसं लागलं?" सोबत गेलेल्या मित्राने पटकन सांगून टाकलं, "गाडी स्लिप झाली."

मित्राच्या मनात वाईट काही नव्हतं. भावाच्या लायसनची मुदत चार महिन्यांपूर्वी संपली होती आणि त्याला वाटलं, खरं सांगितलं तर पोलीस यालाच धरतील. त्यात ट्रॅक्टरवाला शेजारच्या गावचा, ओळखीचा. पण डॉक्टरांनी ते तीन शब्द केसपेपरवर जसेच्या तसे लिहिले. पुढची दोन वर्षं आम्ही त्या तीन शब्दांशी भांडतो आहोत.

डिलिव्हरी करणाऱ्या पोराला मोठी दुखापत झाली की सगळ्यांचं लक्ष पायाकडे असतं, आणि असायलाच हवं. पण दवाखान्याच्या त्याच खोलीत, त्याच रात्री, दुसरंही काही घडत असतं. कोणी काहीतरी सांगतं, कोणीतरी ते लिहून घेतं, आणि त्या लिहिण्यावर त्या घराची पुढची कित्येक वर्षं ठरतात. कायदा वाटतो तितका निर्दय नाही. डिलिव्हरीवाल्याला पैसे मिळण्याचे रस्ते एकापेक्षा जास्त आहेत. पण प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी कागद विचारला जातो.

आधी पाय

केंद्र सरकारच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली. मेलेल्यांत जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरचे होते. त्यातले किती जण पाठीवर बॅग घेऊन कोणाचं तरी जेवण किंवा पार्सल पोचवायला निघाले होते, ते त्या आकड्यांतून कळत नाही.

आपल्याकडचा हा धोका डोळ्यांसमोर आणून बघा. जळगाव शहराच्या मधून सुरत-नागपूर हायवे जातो. अजिंठा चौफुली, इच्छादेवी चौक, आकाशवाणी चौक, तिथून पुढे बांभोरीकडे गिरणेचा पूल. गावातली ऑर्डर पोचवायला निघालेला पोरगा त्याच रस्त्यावर, लांब पल्ल्याच्या ट्रकांच्या शेजारून जातो. धुळ्याला तर तोच रस्ता आणि मुंबई-आग्रा हायवे एकमेकांना छेदतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा दुपारी एक ते चार गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते ‘लक्ष नव्हतं’ म्हणून सोडून देण्यासारखं नसतं.

पहिल्या तासाबद्दल थोडंच सांगते, पण तेवढं पाठ असू द्या. १०८ ला फोन करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा. हाड बाहेर आलं असेल तर ते आत ढकलू नका. जखमेवर हळद, चहापत्ती, काहीही टाकू नका. उघड्या जखमेच्या फ्रॅक्चरमध्ये जंतू हाडापर्यंत पोचतात, म्हणून अँटिबायोटिक जितक्या लवकर सुरू होईल तितका पाय वाचण्याचा संभव वाढतो.

आणि हाडवैद्याकडे नेऊ नका. हे मी कोणाचा अनादर करायला सांगत नाही, खान्देशातल्या कितीतरी घरांचा त्यांच्यावर भरवसा आहे. पण मोडलेला पाय आतून सुजतो. सुजलेल्या पायावर बांबूच्या पट्ट्या आवळल्या की आतला दाब वाढत जातो आणि रक्त पुढे सरकेनासं होतं. पोटरी दगडासारखी घट्ट झाली, पायाची बोटं हलवली की जीव जाईल अशी कळ आली, बोटं बधिर पडायला लागली, तर ती शस्त्रक्रियेची घाई आहे. त्यात काही तास गेले तरी स्नायू मरतात, आणि मग जो पाय रॉड टाकून वाचला असता तो कापावा लागतो.

खर्चाच्या भीतीने दवाखाना टाळू नका, कारण आता दोन आधार आहेत. पहिला, ५ मे २०२५ पासून लागू झालेली रस्ते अपघातग्रस्तांची कॅशलेस उपचार योजना. मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्या कोणालाही, चूक कोणाचीही असो, नेमलेल्या दवाखान्यात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार. यात पोलिसांनी अपघाताची खातरी करावी लागते, म्हणजे पोलिसांना कळवणं आलंच. दुसरा, महात्मा फुले जनआरोग्य योजना. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, आणि ती आता कोणत्याही रंगाच्या रेशनकार्डावर चालते. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. बिलाच्या खिडकीवर जाण्याआधी त्याच्याकडे जा. पैसे भरून झाल्यावर योजना आठवली तर ते परत मिळवताना नाकी नऊ येतात.

भावाच्या वेळी कॅशलेस योजना नव्हती. पहिल्या रात्री मावशीची पोत गहाण पडली. ती दवाखान्याच्या पायरीवर बसून एवढंच म्हणत होती, "पाय वाचना ना, बाकी देखूत."

मग कागद

रस्त्यावरच्या मोठ्या दुखापतीची नोंद दवाखाना एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, म्हणून करतो आणि पोलिसांना कळवतो. त्या वेळी डॉक्टर विचारतात आणि लिहितात: कुठे, कधी, कसं. नंतर विमा कंपनीचा वकील सगळ्यात आधी हीच ओळ शोधतो, कारण अपघातानंतरची ती पहिली नोंद असते, कोणाला पैशाचं सुचण्याआधीची. ‘ट्रॅक्टर-ट्रॉलीची धडक’ असं लिहिलेलं असेल तर ट्रॅक्टरचा विमा बांधला जातो. ‘स्लिप झाला’ असं असेल तर कागदावर ट्रॅक्टर नाहीच. आपण आपलेच पडलो, मग आपल्याला कोण का देईल?

म्हणून सोबत गेलेल्याने जे पाहिलं तेच सांगावं. पाहिलं नसेल तर ‘मी नंतर पोचलो, माहीत नाही’ असं सांगावं. अंदाज सांगू नये. आणि ‘हा कामावर होता, पार्सल पोचवायला निघाला होता’ हे वाक्य आठवणीने लिहून घ्यायला लावावं. हे एक वाक्य पुढे दोन-तीन ठिकाणी उपयोगाला येतं.

लायसनच्या भीतीबद्दल. लायसन नसणं हा गुन्हा आहे, दंड होईल. पण तेवढ्याने भरपाईचा हक्क जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सुधीरकुमार राणा खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. तिथे तर दुचाकीवरचा मुलगा अल्पवयीन होता, त्याच्याकडे लायसनच नव्हतं. न्यायालयाने म्हटलं, लायसन नव्हतं म्हणून अपघातात त्याचीही चूक होती असं आपोआप ठरत नाही; धडक कोणाच्या निष्काळजीपणाने झाली ते बघा. हे त्या रात्री आम्हाला ठाऊक असतं, तर मित्र खोटं बोललाच नसता.

चूक झालीच असेल, तर जितक्या लवकर सुधाराल तितकं बरं. आम्ही अकराव्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब द्यायची मागणी केली. दोन हेलपाटे वाया गेले, तिसऱ्यांदा लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली, तेव्हा हवालदार दवाखान्यात येऊन जबाब घेऊन गेले. उशिरा दिलेल्या फिर्यादीने मोटार अपघाताचा दावा आपोआप मरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण या खटल्यात म्हटलं आहे. जखमी माणसाचे नातेवाईक आधी दवाखान्याकडे धावतात, पोलीस ठाण्याकडे नाही, हे न्यायालयालाही कळतं. मात्र उशीर का झाला ते खरं खरं सांगावं लागतं.

दुसरा कागद तुमच्या खिशात असतो, आणि तो सर्वांत लवकर नाहीसा होतो. तो म्हणजे फोनमधलं ॲप. ऑर्डरचा नंबर, पिकअपची वेळ, कुठून कुठे निघाला होता, आठवड्याची कमाई, सगळं त्यात असतं. माणूस दवाखान्यात पडला, महिनाभर लॉगइन झालं नाही, की आयडी ब्लॉक होऊ शकतो आणि त्याबरोबर हा सगळा पुरावा हाताबाहेर जातो. घरातल्या कोणीतरी पहिल्या दोन दिवसांत फोन उघडून त्या दिवसाच्या ऑर्डरचे, गेल्या सहा महिन्यांच्या कमाईचे आणि टीमलीडरशी झालेल्या व्हॉट्सॲप बोलण्याचे स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या फोनवर पाठवावेत. बँकेचं स्टेटमेंट नंतरही मिळतं, हे मिळत नाही.

पैसे कोण देणार?

याचं उत्तर दोन प्रश्नांवर ठरतं. धडक कोणी दिली, आणि तुम्ही कोणाचे कामगार होता.

पहिल्या प्रश्नापासून सुरू करू, कारण हा रस्ता सगळ्यांना खुला आहे. ॲपवाला, ठेकेदाराचा माणूस, दूध पोचवणारा, सिलिंडर पोचवणारा, कोणीही. समोरच्या गाडीच्या चुकीने लागलं असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे बोलीत ज्याला ट्रिब्युनल म्हणतात तिथे, दावा लागतो. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो यासाठीच. दावा अपघात झाला तिथेच लावावा लागतो असं नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही लावता येतो. नंदुरबारचा पोरगा सुरतेत डिलिव्हरी करताना जखमी झाला, तरी त्याला तारखेसाठी सुरतेला जायला नको. १ एप्रिल २०२२ पासून दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे, म्हणून मुदत उलटली असली तरी वकिलाला विचारल्याशिवाय नाद सोडू नका. पोलिसांनीही अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत ट्रिब्युनलला पाठवायचा असतो. तो पाठवला का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

धडक देणारा पळून गेला आणि गाडीचा पत्ताच लागला नाही, तर सरकारी निधीतून गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. रक्कम तोकडी आहे, पण फार घरं तीही मागत नाहीत.

आणि खरंच आपणच घसरलो असू तर? इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. ‘गाडीचा विमा आहे ना’ असं म्हणतात, पण थर्ड पार्टी विमा समोरच्यासाठी असतो, चालवणाऱ्यासाठी नाही. चालवणाऱ्यासाठी असतो तो १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा. तो गाडीमालकाचा असतो, गाडी चालवणाऱ्या कोणाचाही नाही. गाडी भावाच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल, तर चालवणाऱ्या पोराला त्यातून काही मिळत नाही. मालक स्वतः चालवत असला, तरी त्याच्याकडे चालू लायसन हवं. त्यातही पाय मोडला तर काही नाही. एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर निम्मी रक्कम. दोन अवयव गेले, कायमचं पूर्ण अपंगत्व आलं किंवा मृत्यू झाला तर पूर्ण. आणखी एक खाच आहे. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत ‘भाड्याने किंवा मालवाहतुकीसाठी वापर नाही’ अशी अट असते, आणि तिच्यावर बोट ठेवून कंपनी गाडीचं नुकसान नाकारू शकते. डिलिव्हरी सुरू करतानाच विमा एजंटला हे स्पष्ट विचारून घ्या.

बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना पुष्कळांच्या खात्यात चालू असते आणि घरात कोणाला आठवत नाही. एक हात, पाय किंवा डोळा कायमचा गेला तर एक लाख, मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख. दर वर्षी १ जूनला ती नव्याने सुरू होते. त्या दिवसांत खात्यात २० रुपयेही नसले तर ती बंद पडते. आज पासबुक उघडून बघा.

ॲप कंपन्याही स्वतःचा अपघात विमा देतात. त्यात बहुधा ‘ऑर्डर चालू असताना’ अशी अट असते आणि कळवण्याची मुदत लहान असते. म्हणून ॲपमधूनच, त्याच दिवशी, लेखी कळवा. टीमलीडरला फोन केला म्हणजे कंपनीला कळवलं असं होत नाही.

तू कोणाचा कामगार?

आता दुसरा प्रश्न, आणि सगळा गुंता इथे आहे.

पगाराच्या पावतीवर ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची, कपात असेल तर नशीब चांगलं. पाऊण टक्का कापला जातो म्हणून पोरं कुरकुर करतात, पण कामावर लागलं तर उपचार मोफत, कामावर जाता येत नाही तोवर सरासरी पगाराच्या ९० टक्के, आणि कायमचं अपंगत्व आलं तर जन्मभर दरमहा पैसे. तुमच्या ठेकेदाराने कपात केली आहे पण तुम्हाला ईएसआयचा नंबर दिलेला नाही, तर तो आजच मागा.

ईएसआय नसेल तर कर्मचारी नुकसानभरपाईचा कायदा. मूळचा १९२३ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण गणित तेच ठेवलं आणि त्याआधीच्या अपघातांना जुनाच कायदा लागतो. या कायद्याची खुबी अशी की इथे चूक कोणाची हे बघत नाहीत. कामावर असताना, कामामुळे लागलं, एवढं पुरे. म्हणजे खरोखर स्लिप झालेल्यालाही इथे जागा आहे. नव्या संहितेत घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही धरला जातो. मालकाने महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना टाळाटाळ केली तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. दावा दोन वर्षांत लावायचा. ‘मी काही मागणार नाही’ असं ठेकेदाराने तुमच्याकडून लिहून घेतलं असेल, तर हा हक्क बुडवण्यापुरता तो कागद रद्दी आहे. आणि ठेकेदार गायब झाला किंवा हात वर केले, तर ज्या कंपनीचं काम तो करत होता तिच्याकडून मागता येतं. हे कलम १९२३ पासून आहे. ठेकेदार मधे घातला की मुख्य मालक सुटला, असं होऊ नये म्हणूनच ते घातलं होतं.

एकच: मोटार ट्रिब्युनल आणि हा कायदा, दोन्हींतून एकाच दुखापतीची भरपाई घेता येत नाही. निवडावं लागतं. ट्रिब्युनलला समोरच्याची चूक दाखवावी लागते, पण खऱ्या कमाईवर हिशेब होतो. इथे चूक दाखवायला नको, पण हिशेबाला पगार महिन्याला १५,००० पर्यंतच धरला जातो.

आता ॲपवाले. त्यांच्या करारात ‘कामगार’ हा शब्द नसतो, ‘पार्टनर’ असतो. भागीदाराला कोण भरपाई देणार? पण नावात काय आहे हे न्यायालयं फार पूर्वीपासून बाजूला ठेवत आली आहेत. १९५६ साली निकाल लागलेला ध्रांगध्रा केमिकल वर्क्सचा खटला आहे. कच्छच्या रणाजवळ मीठ पिकवणारे आगरिया. त्यांना पगार नव्हता, मणामागे पैसे. मदतीला माणसं ते स्वतः आणत, कामाचे तास ठरलेले नव्हते. कंपनी म्हणाली, हे स्वतंत्र ठेकेदार आहेत. सर्वोच्च न्यायालयाने बघितलं की मीठ कसं पिकवायचं यावर शेवटपर्यंत देखरेख कोणाची आहे, आणि त्यांना कामगारच ठरवलं. मणामागे पैसे आणि ऑर्डरमागे पैसे यांत मला तरी मोठा फरक दिसत नाही. कोणती ऑर्डर, किती वेळात, कोणता रस्ता, किती रेटिंग, आणि चुकलं तर आयडी बंद, हे सगळं ॲप ठरवतं. पण भारतात ॲपवाल्यांबद्दल असा शेवटचा निकाल अजून लागलेला नाही. त्यासाठी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेली याचिका आहे.

तोवर नव्या संहितेने मधला रस्ता काढला आहे. पहिल्यांदाच कायद्यात ‘गिग कामगार’ (नेहमीच्या नोकरीबाहेर, कामागणिक पैसे घेणारा) आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ (ॲपवरून काम मिळणारा) हे शब्द आले. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून जास्त नाही, अशी वर्गणी सामाजिक सुरक्षा निधीत टाकायची आणि त्यातून अपघात विमा, आरोग्य अशा योजना चालवायच्या. नीती आयोगाने २०२२ मध्ये असे कामगार ७७ लाख असल्याचा अंदाज दिला होता, आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होतील असं म्हटलं होतं. मला हे पाऊल चांगलं वाटतं, पुरेसं वाटत नाही. निधीतून मिळणारा विमा ही योजना असते. मालकाकडून मिळणारी भरपाई हा हक्क असतो, व्याजासकट वसूल होणारा. संहितेने गिग कामगाराला ‘पारंपरिक मालक-कामगार नात्याच्या बाहेरचा’ म्हटलं, आणि त्या एका शब्दाने हक्काचं दार अर्धवट लोटलं. तरी ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, नोंदणी करून ठेवाच, कारण या योजनांचा दरवाजा तिथूनच उघडतो. आधार आणि त्याला जोडलेला फोन नंबर जवळ ठेवा.

हात किती टक्के, पोट किती टक्के

सहा-आठ महिन्यांनी जखम भरते, रॉड आत राहतो, आणि मग अपंगत्वाचं प्रमाणपत्र घ्यायला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात जायचं. तिथे आकडा मिळतो. समजा, ४० टक्के. घरची मंडळी समजतात की भरपाईही ४० टक्क्यांची.

इथे थांबा. दाक्तर मोजतात ते अंगाचं नुकसान. न्यायालयाने मोजायचं असतं ते कमाईचं. १९७५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एका सुताराचा खटला निकाली काढला. कामावर पडून त्याचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. मालक म्हणाला, एकच हात गेला, पूर्ण अपंगत्व कसं? न्यायालय म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाई १०० टक्के गेली. प्रताप नारायण सिंग देव या मालकाच्या नावाने हा निकाल ओळखला जातो. पुढे राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात न्यायालयाने हेच उलगडून सांगितलं. डावा हात गेलेला माणूस ड्रायव्हर असेल तर त्याची जवळजवळ सगळी कमाई जाते, सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. जखम एकच, नुकसान वेगळं.

डिलिव्हरीवाल्याचं काम आठवा. गियर-ब्रेकला उजवा-डावा दोन्ही पाय, दिवसाला कितीतरी जिने, पाठीवर वजन. गुडघा निम्मा वळत नसेल तर त्याला ‘४० टक्के’ म्हणणं खोटं आहे.

कर्मचारी नुकसानभरपाईच्या कायद्याचा हिशेब आकड्यांत बघू. वय २५, हिशेबाचा पगार १५,०००. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पगाराचे ६० टक्के, म्हणजे ९,०००, गुणिले वयाचा ठरलेला गुणांक २१६.९१. झाले १९,५२,१९०. कमाईचं नुकसान ४० टक्केच धरलं तर ७,८०,८७६. मधला फरक साडेअकरा लाखांहून जास्त. हा फरक कुठे ठरतो? डॉक्टरांच्या साक्षीत, ‘हा माणूस पुन्हा मोटरसायकलवर दिवसभर काम करू शकेल का?’ या एका प्रश्नाच्या उत्तरात. वकिलाने तो प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो विचारायचा आहे हे घरच्यांना माहीत पाहिजे.

त्याच कायद्यात मधल्या महिन्यांचंही आहे. काम करता येत नाही तोवर दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के, म्हणजे १५,००० वाल्याला महिन्याला ७,५००. हे मागितलेलं मी फार कमी घरांत पाहिलं.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेले, यांना वकील फुकट मिळतो. टोल फ्री नंबर १५१००. जो वकील ‘आधी काही नको, मिळेल त्यातले निम्मे’ म्हणतो, त्याच्याकडून एकदा उठून तिकडे जाऊन या.

घरात

कायद्यात न बसणारं पुष्कळ काही उरतं. मोटरसायकल तीन महिने पोलीस ठाण्याच्या आवारात उन्हात पडली होती आणि तिचा हप्ता मात्र दर पाच तारखेला जात होता. वहिनीने शेजारच्या केळी पॅकिंगवर जायला सुरुवात केली. फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून तीनदा एसटीने जळगाव, सोबत एक माणूस, म्हणजे त्याचाही दिवस गेला. तिसऱ्या महिन्यात भावाने व्यायाम सोडला. का, तर ‘उगाच खर्च’. गुडघा तेव्हाच अडकला, आता तो पूर्ण वळत नाही. मोडलेल्या हाडापेक्षा अर्धवट सोडलेला व्यायाम जास्त माणसं लंगडी करतो, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

आणि तो बोलेनासा झाला. हायवेवरून ट्रॅक्टरचा आवाज आला की ताटावरून उठायचा. आम्ही त्याला धीर धर म्हणत राहिलो. हाही अपघाताचाच भाग आहे आणि यालाही डॉक्टर असतो, हे आम्हाला वर्षभराने सुचलं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मनाच्या डॉक्टरांची ओपीडी कोणत्या दिवशी असते, तेवढं विचारून घ्या. पायाची फेरी आणि ही फेरी एकाच दिवशी होऊ शकते.

भावाचा दावा ट्रिब्युनलमध्ये चालू आहे. ट्रॅक्टरचा विमा अपघाताच्या दिवशी चालू होता. विमा कंपनीने केसपेपरची ती ओळ दाखवली, आम्ही पुरवणी जबाब, पंचनाम्यात लिहिलेला सांडलेला कापूस आणि ट्रॉलीच्या चाकाच्या खुणा दाखवल्या. ज्या मित्राने ‘स्लिप झाली’ सांगितलं होतं, तो पिंजऱ्यात उभा राहिला आणि का सांगितलं ते जसंच्या तसं बोलला. पुढची तारीख आखाजीनंतरची, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरची आहे. त्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांची साक्ष आहे, आणि त्यांना विचारायचा प्रश्न भावाने स्वतःच्या हाताने लिहून वकिलाकडे दिला आहे.